बन्नूरच्या बसपुढे

माझी स्कूटर दुरुस्त होईपर्यंत मी मेटगळ्ळीच्या गॅरेजात बसलो होतो. शेजारी एका जुन्या डिझेल ट्रकला नुकताच टर्बो बसवला होता. ट्रकचा साठीचा मालक इंजिनाला कान लावून उभा होता. आमच्यासारखाच कानडी मुलखात वाढलेला, मराठी घरातला; पण नाव विचारायचं राहूनच गेलं.

"टर्बो म्हणजे चुलीला फुंकणी, नोडी, बघा सर," तो म्हणाला. "वीस वर्षं बन्नूरच्या बसमागं धूर खाल्ला. आज तिच्या पुढं जायचं. चला, बसा!"

मी का बसलो, देव जाणे. बन्नूर रस्त्यावर टर्बोनं शीळ घातली आणि आम्ही बसला खरोखरच मागं टाकलं. पण लगेच त्यानं ट्रक बाजूला घेऊन थांबवला. बस पुढं निघून गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ड्रायव्हर कंडक्टरशी बोलत होता. त्यानं बघितलंच नाही!"

आम्ही पुन्हा बस गाठली. या वेळी ड्रायव्हरनं हसून सलाम ठोकला. यानं गदगदून दोन्ही हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की ओरडायचं सोडून मी निमूटपणे स्टिअरिंग धरलं.