खिडकी काळी, पाण्यात दिवा

आमच्या व्हेनिसला प्यायचं गोडं पाणी नदीवरून पडावाने, मोठ्या होडीने, येतं. ओर्सोलाचा नवरा अन्झोलो ते आणायचा. एका धुकट सकाळी गेला तो आलाच नाही. पडावही नाही. तेव्हापासून दिवेलागणीला ती खिडकीत दिवा ठेवायची. येणाऱ्याचा दिवा खिडकीत आणि बुडालेल्याचा खाली पाण्याच्या पायरीवर, अशीच आमच्या कालव्यावरची रीत.

शेजारीण बेत्ता म्हणायची, "किती वर्षं झाली गं बये! आता दिवा खाली ने. निदान त्याच्या आत्म्याला तरी उजेड."

"तुझा नवरा दारूच्या दुकानातून बिनदिव्याचा परततो," ओर्सोला मणी ओवता ओवता म्हणायची. "माझा जरा लांबून येतोय."

समोरच्या घरात क्लाउस नावाचा जर्मन चित्रकार राहायला आला. चांगला दाढीवाला बाप्या, पण खायची आबाळ. ओर्सोला त्याला मक्याचा पोलेंटा द्यायची. त्याची रीत उलटीच. आधी कालव्याचं पाणी रंगवायचं, वरची घरं मागाहून. पाणी झाल्यावर तो तिच्या दारात आला.

"बाई, आजची संध्याकाळ दिवा नको. त्या उजेडापुढे तुमच्या भिंतीचा रंगच कळत नाही."

"आणि तो नेमका आजच आला म्हणजे?"

"मी समोरच बसलोय. हाक मारीन ना!"

तिचं मन होत नव्हतं, तरी त्याच्याकडे बघून ती हो म्हणाली. अंधारात वल्ह्याच्या आवाजाकडे कान लावून बसून राहिली.

चित्र पुरं झालं तसं त्याने तिला दाखवायला बोलावलं. "माझी पोपडे धरलेली भिंत एवढी देखणी कधी होती रे?" म्हणत ती हसली, आणि एकदम चित्राजवळ वाकली. चित्रातली तिची खिडकी काळी होती. खाली पाण्यात मात्र दिवा थरथरत होता.

"हा कुणी लावला?"

क्लाउसने कपाळावर हात मारला. "पाणी आदल्या दिवशीचं, भिंत नंतरची. चुकलोच! आत्ता पुसतो."

"हात लावू नकोस त्याला."

त्या संध्याकाळी ओर्सोला दिवा घेऊन जिना उतरली. दिवा कोरड्या पायरीवर ठेवून पाण्यात बघत हळूच म्हणाली, "किती वेळ वर बघत बसलास रे..." भरती चढत होती. पाणी आलं, दिवा कलंडला, विझला.

"थांब, पेटवून देते," बेत्ता धावली.

"राहू दे. बघ."

वर खिडकी काळी होती. पाण्यात उजेड हलत होता.

बेत्ता अजून म्हणते, समोरच्या घरातला असेल. समोरची खिडकी बंद होती, तेवढं मात्र ती सांगत नाही.