ज्याची पोच आली नाही ते विमान

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, थावरा नायक या माणसाला फसवण्यात आलं. फसवणारे शिकलेले होते, जीप घेऊन आले होते आणि त्याच्याच घरची भाकरी खाऊन गेले. हे थावरा नायक म्हणजे आमचे बापू, गेल्या महिन्यात वारले. मी वसमतच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते. तांड्याकडून आलेल्या जीपवाल्यानं खिडकीतूनच सांगितलं, "ताई, तुमचे बापू गेले." हातातली पत्रकं वाटायची की त्यांच्या घरी जायचं, तेही सुचेना...

बापूंचा तांडा जवळा बाजारच्या पुढं. मी तिथं पहिल्यांदा गेले ती पाण्याच्या मोर्च्यासाठी. पारावर पत्रक वाचून दाखवलं. मग बापू म्हणाले, "पोरी, ह्यात समदे मुर्दाबादच दिसून राहिले. जिंदाबादवाला कोनी गावलाच न्हाई का?" तांडा हसला, मीही हसले. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू शहरात जातीस ना? मंग एक काम कर. आमचं इमान पोचलं का, तेवढं इचार." मला वाटलं, म्हातारा अजून थट्टाच करतोय.

थट्टा नव्हती. निजामाच्या काळात, मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, चालू असताना, एक लढाऊ विमान बिघडून यांच्या पडीक रानात उतरलं होतं. बापू तेव्हा लहान. आतून एक गोरा, पोरसवदा वैमानिक निघाला, नाकातून रक्त गळत असलेला. तांड्यानं त्याला दूध पाजलं, बैलगाडीत घालून स्टेशनावर सोडलं. निघण्याआधी त्यानं बापूंच्या वडलांचा हात धरून विमानावर ठेवला आणि काहीतरी बोलला. भाषा कुणालाच कळली नाही. पण या लोकांच्या कैक पिढ्या बैलांच्या पाठीवर परक्यांचं मीठ, धान्य लादून मुलूखभर हिंडलेल्या. धन्यानं हात धरून मालावर ठेवला, की ती अमानत. तो येईपर्यंत राखायची. आणि ज्यानं माल घेतला त्यानं स्वतःच्या तोंडानं "पोचलं" म्हटल्याशिवाय डोक्यावरचं ओझं उतरत नाही, अशी त्यांची रीत. त्या गोऱ्याला कदाचित नुसतं "येतो" म्हणायचं असेल. यांनी विमान सांभाळायला घेतलं.

बैल जुंपून ते तांड्यात ओढत आणलं, वर छप्पर घातलं. यांची स्वतःची घरं पावसात गळायची, पण विमानाचा एक पत्रा कुणी काढला नाही. दर पोळ्याला बैलांच्या शिंगांना तेल लावून झालं की विमानाला जवसाचं तेल. निजाम गेला, बापूंचे वडील गेले, गोरा काही आला नाही. बापूंनी तेल सोडलं नाही. मग ती जीप आली, मागं क्रेन आणि ट्रक. बापूंनी एकच विचारलं, "तुमी धन्याची मानसं का?" ते म्हणाले, "हो, हो, त्यांचीच." झालं! कागद मागितला नाही, काही घेतलं नाही. उलट तेल पुसून, हळदकुंकू वाहून विमान ट्रकवर चढवून दिलं. "पोचल्यावर फकस्त सांगा." "नक्की सांगू, बाबा."

कुणी सांगितलं नाही. काही वर्षांनी रविवारच्या रंगीत पुरवणीत मला फोटो दिसला. नवा रंग दिलेलं, चकचकीत विमान, पंखाशी उभे असलेले, जुनी विमानं जमवणारे हसरे शौकीन लोक. खाली लिहिलेलं : मराठवाड्याच्या जंगलात बेवारस सापडलं, कोरड्या हवेमुळे टिकलं. कोरडी हवा! मी तशीच तांड्यावर जाऊन ते बापूंना वाचून दाखवलं. ते बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत राहिले. "चांगलं केलं गड्यांनी," म्हणाले. मग हळूच, "पन बेवारस काहून लिवलं? आमी काय मेलो व्हतो?"

मी वारंगा फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन लावत सुटले. पुरवणीवाल्यांनी शौकिनांचा नंबर दिला. शौकीन म्हणाले, आम्ही ते विकलं. घेणारा म्हणाला, प्रदर्शनाला पाठवलंय. प्रदर्शनवाले म्हणाले, कधीच गेलं, बहुतेक देशाबाहेर. "बहुतेक" म्हणजे काय, विचारलं तर फोन ठेवला. एका सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेले. "मॅडम, भंगार गेलं ते बरंच झालं की, जागा मोकळी झाली," असं म्हणून तिथला साहेब पेपर वाचू लागला. मी पत्रक काढलं, घोषणा दिल्या. माझ्या घोषणांनी जे कधी हललेलं नाही, ते तेव्हाही हललं नाही.

शेवटी शेवटी बापू अंथरुणावरून "पोचलं का?" एवढंच विचारायचे. त्यांच्या बायकोला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणतो. ती मला दाराबाहेर नेऊन म्हणाली, "सांगून टाक की, पोचलं म्हनून. जीव आडकला त्याईचा." मी आत गेले, तोंड उघडलं... बापू आधीच म्हणाले, "तुझ्या तोंडचं चालत न्हाई, पोरी. ज्यानं नेलं, त्यानंच म्हनाव लागतं."

परवा तांड्यावर गेले होते. घराशेजारची विमानाची जागा मोकळीच आहे. तिथं याडी शेळी बांधू देत नाही, कडबा रचू देत नाही. मी विचारलं, "आता कुणासाठी राखतेस?" "ते गेले," ती म्हणाली. "वझं माझ्यावर आलं."

वाचकहो, तुमच्यापैकी कुणीतरी ते विमान पाहिलं आहे. कुणाच्या मुलानं त्याच्यापुढं उभं राहून फोटोही काढून घेतला असेल. ते आम्हाला परत नको. ज्याच्या ताब्यात ते आहे त्याला शोधा, ही हकीकत सांगा आणि त्याला तांड्यावर पाठवा, याडीसमोर. ती थकली आहे. उद्यावर टाकू नका.