सासू बसली की तापणारी मोटार

हौसराव शिरूरचा वायरमन. विहिरीवरचा पंप बंद पडू दे न्हाईतर लग्नातला कर्णा मुका होऊ दे, आपण नुसती वायर हुंगून रोग सांगतो असं तो म्हणायचा. पण घरची काळी विलायती मोटार त्याला वाकुल्या दाखवायची.

मोटार मुळात सासऱ्याची. म्हातारा गेला तवा ती भागुबाईची, म्हंजी सासूची झाली आन् चालवायला जावयाकडं आली. इंजन तापलं की कळावं म्हणून हौसरावनं भंगारातल्या ट्रकचा विजेचा काटा तिला बसवला. एकटा गावभर हिंडला तरी काटा गप. बायकोला बसवलं तरी गप. भागुबाई पुढं बसली की मात्र काटा थेट वरच्या लालीवर! त्यानं वायर बदलली, इंजनाचा ताप काट्याला कळवणारं बटण बदललं, रेडिएटर धुतला. सासू काय बदलता येईना.

आज दौंडला भागुबाईच्या लेकाकडं नातवाचं बारसं. हौसरावची बायको आदल्या दिशीच पुढं गेलेली. निघतानाच ती म्हणाली, "जावयबापू, वाटंत मोटार रुसली, तर उद्यापास्नं हिच्यात माझ्या कोंबड्या बसतील. खुराडं झकास हुईल."

शिरूर सुटलं न्हाई तोवर काटा लालीवर. इंजनाआधी हौसरावच तापला. न्हावऱ्याच्या अलीकडं इंजन चालू ठिवूनच त्यानं गाडी थांबवली.

"मामी, जरा पाणी पाजतो हिला."

"पाजा, पाजा." भागुबाईनं कोंबड्यांना बोलवावं तशी "आऽ आऽ" अशी हाक घातली आन् समोरच्या खणातला पितळी पानाचा डबा काढला.

हौसरावनं रेडिएटरला हात लावला. कोमट! आत डोकावला तर काटा खाली, आन् पाणी तर अजून हातातल्या कॅनमधीच. तेवढ्यात भागुबाईनं विडा तोंडात कोंबला, पानाचा डबा खणात दाणकन ढकलला. काटा वर!

"मामी, डबा काढा." काटा खाली.

"घाला." वर.

"काढा. घाला. काढा."

"ऊन लागलं का काय तुमाला?"

हौसराव वाकला. त्यानंच बसवलेल्या काट्याचा मागचा खिळा खणात उघडा लोंबत होता. पितळी डबा खिळ्याला बी टेकायचा आन् खणाच्या पत्र्याला बी. वीज बटणाला वगळून परस्पर पत्र्यात उतरायची, आन् काट्याला वाटायचं इंजन तापलं. इंजन गारच, काटा तेवढा लबाड.

"गुन्हेगार घावला, मामी! तुमचा डबा!"

"माझा डबा मोटारीच्या आदीचा हाय. खिळा उघडा कुणी ठिवला?"

हौसराव चिकटपट्टीसाठी खिसे चाचपू लागला.

"मोटार रुसली ती रुसलीच. खुराडं!"

"रुसली कुठं? इंजन चालूच हाय की. थांबलो ते तुमाला पान लावायचं हुतं म्हणून."

भागुबाईला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात पुरावा. पिचकारी मारून ती हसली. "लई बेरकी हाईसा. चला."

खिळ्याला गुंडाळायची चिकटपट्टी वायरमन घरीच इसरला होता. पुढच्या खडबडीत रस्त्यावर डबा घसरून पुन्हा खिळ्याला लागंल, आन् भागुबाई काय तो मांडीवर घेईना. साडीला चुन्याचे डाग पडतात म्हणं. म्हणून डबा हौसरावच्या मांडीवर बसून दौंडला गेला.

रेल्वे कॉलनीत मेव्हणा जालिंदर दारातच उभा. "दाजी, पान कवापास्नं खाया लागला?"

"ते न्हाई रं," भागुबाई उतरता उतरता म्हणाली, "मोटार खाती."