सुभेदारांचा टँगो

मुलगा बार्बाडोसला मेडिकल कॉलेजात शिकवतो. गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले आणि आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडे राहायला गेलो. आमचे हे फौजेतले निवृत्त सुभेदार. बार्बाडोस त्यांना क्रिकेटमुळे ठाऊक. पहिल्या आठवड्यात मैदान पाहून झालं, समुद्र पाहून झाला, मग हे घरात येरझारा घालू लागले. त्या येरझारांना वैतागून सून एका रविवारी दुपारी आम्हाला टँगोच्या वर्गाला घेऊन गेली.

चर्चमागच्या हॉलमध्ये दहा-बारा जोड्या होत्या, बहुतेक आमच्याच वयाच्या. शिकवणाऱ्या बाई तिथल्याच, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. पूर्वी कधी नाचलात का, असं त्यांनी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, लेझीम. सुनेने ते कसंबसं समजावलं. बाईंनी सरळ ह्यांचे हात धरले आणि चाला म्हणाल्या. हे कवायतीतल्यासारखा डावा पाय टाकून ताठ निघाले. टँगोत पुरुष बहुतेकदा डाव्या पायानेच सुरुवात करतो, हे कळल्यावर ह्यांची छाती जी फुगली ती घरी येईपर्यंत.

माझी पंचाईत झाली. टँगोत बाईने उलट पावलांनी मागे मागे जायचं. पहिल्याच फेरीत ह्यांचा पाय माझ्या निऱ्यांवर पडला. पुढच्या रविवारी सुनेचा पंजाबी ड्रेस घालून गेले, तरी हे मला ढकलतच होते. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण आम्ही कधी बरोबरीने चाललो नव्हतो. सांगलीच्या बाजारात असो की कुणाच्या लग्नात, हे चार पावलं पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं पाऊल टेकेपर्यंत त्यांनी थांबायचं असतं, तुम्ही घाई करू नका.

मी ते मनावर घेतलं. पाय उचलला आणि सावकाश मागे टेकवायला लागले. हे अवघडून उभे.

"चल की," हे पुटपुटले.

"येतेय. थांबा."

आणि हे थांबले. मला इतकं हलकं वाटलं की पुढची दोन पावलं कशी पडली, कळलंच नाही.

शिराळ्याजवळ आमच्या गावी परतल्यावर खाट भिंतीला सरकवून, दार ओढून घेऊन आम्ही मोबाइलवर गाणं लावायचो. एकदा थोरल्या जाऊबाई दार लोटून आत आल्या आणि आम्हाला असं धरलेलं पाहून उंबऱ्यातच थबकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र मला न सोडता म्हणाले, "वहिनी, परदेशी नाच हाय. शिकताय का?"

त्यांनी जरा वेळ आमच्या पायांकडे पाहिलं. मग पदर खोचला. "शिकते की. पर भावजी, तुमच्यासंगं न्हाई. हिच्यासंगं."

आता गुरुवारी दुपारी आम्ही दोघी जावा नाचतो. जाऊबाईंना मागे जाणं अजिबात मंजूर नाही, त्या पुढेच येतात. हे खाटेवर बसून सूचना देतात. जाऊबाई त्या शांतपणे ऐकून घेतात आणि आपल्याला हवं तसंच नाचतात.