कढई न चढवता

ताई श्रावणात गेली. दिवाळी जवळ आली तसे भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिचे चॉकलेटचे साचे फळीवरून खाली काढले.

भाऊजींइतका उतावळा माणूस आमच्या आमगावात झाला नाही आणि पुढेही होईलसं वाटत नाही. गोंदियाला निघालेली गाडी फलाटावरून हलली, की हे उतरण्यासाठी दारात जाऊन उभे राहतात. लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत अक्षता टाकून पंगतीत जागा धरतात. चहा उकळण्याआधीच गाळायचे आणि पाणचट झाला म्हणून ताईवर चिडायचे. तुम्हाला जन्माला यायचीसुद्धा घाई झाली असेल, असं ती एकदा वैतागून म्हणाली, तर आपण खरोखरच सातव्या महिन्यातले आहोत, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

असा हा मास्तर माणूस चॉकलेट करायला बसला. ताई दर दिवाळीला मोराची, पणतीची चॉकलेटं करून गल्लीत घरोघर डबे पाठवायची. भांडी, साचे सगळं ती कापसाने पुसून कोरडं करायची. भाऊजींना पुसायला सवड कुठली? धुतलेलं पातेलं त्यांनी ओलंच चढवलं, आणि वितळत आलेलं चॉकलेट धानाच्या रोवणीच्या बांधीतल्या चिखलासारखं घट्ट झालं. दुसऱ्या खेपेला ते नीट वितळलं, तर गोठेपर्यंत यांना दम निघेना. फ्रीज इतक्या वेळा उघडायचे की आतला दिवा विझायचाच नाही. अर्धवट गोठलेले मोर ओढून काढले की माना साच्यातच राहायच्या. मला तर ते बिनमानेचे मोर कोंबड्याच वाटले. घरच्या माणसाने तरी मोर म्हणावं, एवढंच ते म्हणाले.

खरी धास्ती वेगळीच होती. माणूस गेलेल्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारीच फराळ आणून देतात. त्या घरचं गोड बाहेर जात नाही. ताईचे डबे गल्लीने परत पाठवले तर? भाऊजी ओट्यापासून अंगणापर्यंत फेऱ्या मारायचे आणि मला पुन्हा पुन्हा विचारायचे, घेतील ना? समोरच्या काकी घेतील ना? त्यांनी घेतलं तर सगळी गल्ली घेणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याच काकी चिवडा घेऊन आल्या आणि ओट्यावरचे मोर पाहून थबकल्या.

"यंदा हे कायले करून राहिले जी?"

"कढई नाही चढवलो, काकी. पातेल्यात वितळवलो फक्त."

"मास्तरकी सोडून वकिली धरली का?"

भाऊजी हसले नाहीत. "माझ्या घरी दिवाळी नाहीच, काकी. पण तिचं देणं मी काऊन बंद करू?"

काकी एक मोर उचलून पायरीवर बसल्या. त्यांच्या तोंडात दात नाहीत, त्यामुळे तो विरघळायला बराच वेळ लागला. तेवढा सगळा वेळ भाऊजी समोर उभे होते, जागचे हलले नाहीत.

"गोड जास्त झालं," काकी म्हणाल्या, आणि सुनांसाठी आणखी दोन पदरात घेऊन गेल्या. संध्याकाळी मी आणि भाऊजी डबे घेऊन निघालो. एकही परत आला नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. ताई नाही. भाऊजी आहेत, आणि दिवाळीला तिच्या घरचे डबे गल्लीत जातात.