नागीण उठली त्या वर्षीचं बाळंतपण

अंबाबाई माझ्यावर रुसली आहे, असं त्या वर्षी दिवाळी सरता सरता मला पक्कं वाटायला लागलं. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझी एकुलती लेक शालन पहिल्या बाळंतपणाला जयसिंगपूरहून यायची होती. डिंकाचे लाडू डब्यात होते, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. बाळाला पहिल्यांदा मीच हातात घेणार, पहिलं तेल-पाणी मीच करणार, असं मी देवीला सांगून ठेवलं होतं. सांगून म्हणजे बजावूनच. देवळात मी विनंती करायला जायचे आणि हुकूम सोडून यायचे. आणि नेमकी तेव्हाच माझ्या कमरेला नागीण उठली.

आधी नुसतीच आग व्हायची, लुगड्याची गाठसुद्धा सोसवेना. मग पाठीपासून पोटाकडे पाणेरी फोडांची रांग आली. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस जातो, असं आमच्या गल्लीत सगळेच मानायचे, मीही मानायचे. शेजारची मंगल, दहा-बारा वर्षांची गोड पोर, रोज माझ्या पाठीला गेरूची काव लावून द्यायची आणि "काकू, अजून लांब हाय तोंड," असं सांगून मला धीर द्यायची. मला मरणाचं भय कमी आणि शालनचं बाळंतपण हातचं जाईल याची तळमळ जास्त होती. देवाच्या दारी आयुष्यभर गेले ती याचसाठी का, असं मनात येई आणि राग येई.

मावळतीची किरणं देवीच्या चरणांवर येतात ते दिवस होते. शालन येण्याच्या आदल्या दिवशी मी हट्टाने देवळात गेले. किरणं मुखापर्यंत चढली तर बाळंतपण माझ्या हातून होणार, असा मनाशी कौल लावला होता. त्या संध्याकाळी ढग आले. किरणं जेमतेम चरणांपर्यंत पोचली आणि विरली. गर्दी ओसरली तरी मी खांबाला टेकून बसून राहिले आणि मला रडू आलं.

शेजारी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. मी पदर कमरेपासून सुटा धरलेला तिनं पाहिला असावा.

"नागीण हाय न्हवं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "घरात कोण गरवार हाय काय?"

"लेक यायची आहे उद्या. दिवस भरत आलेत."

ती एकदम वळून बसली. "तिला कांजिण्या येऊन गेल्यात?"

"नाही."

"मग तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस, बाई. माझ्या नागिणीतनं माझ्या सुनेला कांजिण्या उठल्या, ऐन बाळंतपणात. तिच्यातनं बाळाला. सून बरी होऊन उठली. बाळ न्हाय ऱ्हायलं." तिचे डोळे कोरडे होते. "मी लई हौसेनं घेतलं होतं गं त्याला."

मी काही बोलायच्या आत ती उठली, देवीकडे वळून हात जोडले आणि दाराबाहेर निघून गेली.

घरी जाताना वाटेत आमच्या डॉक्टरांकडे थांबले आणि म्हातारीचं बोलणं सांगितलं. खरं सांगायचं तर, ते हसण्यावारी नेतील अशी आशा होती. "शालनच्या दंडावर लस टोचल्याच्या खुणा आहेत की!" मी म्हणाले.

"अहो काकू, ती लस देवीची. कांजिण्यांना कुठली आलीय लस?" डॉक्टर म्हणाले. "त्या बाई म्हणाल्या ते खरं हाय. कांजिण्या झालेल्या माणसालाच पुढं नागीण उठती, आणि तुमच्या फोडांतनं तिला कांजिण्या होऊ शकतात. खपल्या पडंपर्यंत लांब ठेवा तिला. आणि नागिणीचा वेढा-बिढा सोडा मनातनं, त्यानं कोण मरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी शालनचे वडील तिला एस.टी. स्टँडवरून परस्पर शुक्रवार पेठेत, वन्संच्या घरी घेऊन गेले. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आम्हा दोघींचं एका चुलीपुढे कधी पटलं नाही. तिलाही हुकूमच सोडता यायचे. डिंकाचे लाडू, दुपटी, तेलाची बाटली सगळं मंगलच्या आईकडून तिकडे पोचवलं. संध्याकाळी हे परतले ते मान खाली घालून. कारण सांगितलं तरी शालननं विचारलं होतं, "आईला मी नकोशी झाले काय?" त्या वाक्याची आग नागिणीपेक्षा जास्त होती.

पंधरवडा उलटला आणि मंगलच्या अंगावर कांजिण्या उठल्या. माझ्या पाठीला हात लावणारी तीच एक होती. तिच्या आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली. पोर सुखरूप बरी झाली. पण तिच्या कपाळावरचे ते फोड पाहिले आणि मला ते शालनच्या कपाळावर दिसले. मी तिथेच बसून देवीला हात जोडले. त्या दिवशी प्रथमच मी तिला काही बजावलं नाही.

त्याच आठवड्यात शालनला मुलगी झाली. मी वन्संच्या घरासमोर रस्त्यात जाऊन उभी राहिले. वन्संनी माडीच्या खिडकीत बाळाला उचलून धरलं.

"बघितलंस? नाक तुझं हाय!" ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. "आता जा घरी. आणि काळजी करू नकोस, मी हाय की!"

मी रस्त्यातच रडले. सूर्य तरी कुठे देवीला हात लावायला येतो, लांबूनच तिच्या पायांपाशी पोचतो, हे मला तिथे उभी असताना सुचलं.

माझ्या खपल्या पडल्या, मंगलच्याही पडल्या, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर नात माझ्या मांडीवर आली. वन्संनी तिला तेल लावून लावून गुटगुटीत केलं होतं. त्या म्हातारीला मी पुढे कित्येक शुक्रवारी देवळात शोधलं. ती दिसली नाही. ती कोण होती, याचा खल मी करत नाही. एका आजीनं आपलं दुःख माझ्या ओटीत घातलं म्हणून माझी नात वाचली, एवढं मला पुरेसं आहे.

कांजिण्यांची लस आता निघाली आहे म्हणतात. ऐकून बरं वाटलं. माझ्या कमरेची आग मात्र पुरती कधी गेलीच नाही. थंडीत लुगड्याची गाठ घासली की अजून भडकते. तेव्हा मी हातातलं काम ठेवते आणि त्या बाळाचं नाव घेते, जे न्हाय ऱ्हायलं. नाव मला ठाऊक नाही, म्हणून नुसतंच बाळ म्हणते.