दैवशालाबाईंचा दोन फुटांचा ओटा

दैवशालाबाईंनी अमावस्येला काहीतरी पुरलं, अशी कुजबुज अंबड रस्त्यावरच्या समाधाननगरात वर्षभर चालू होती. तेही ऐन दुपारी, रामप्रसादच्या मंगल कार्यालयाच्या साइटवर, कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली. गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या कौसल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: बाई खुरप्यानं उकरत होत्या, मग माती लोटली, हात झटकले आणि पदर सावरून निघून गेल्या. कौसल्या गच्चीवरून खाली उतरली तोवर त्या मातीत काळी बाहुली होती. दुसऱ्या गल्लीत बाहुलीला सुया टोचल्या गेल्या, आणि बातमी दूधवाल्यापर्यंत पोचली तेव्हा बाहुलीला रामप्रसादसारख्या मिशाही फुटल्या होत्या.

लोकांचं तरी काय चुकलं? बाईंचं आणि रामप्रसादचं काय होतं, ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

बाईंची पिठाची गिरणी. नवरा बद्रीनाथ बियाणे कंपनीच्या गोदामात कामाला. घरात त्याचा आवाज गिरणीच्या घरघरीखाली एकदा दबला तो दबलाच. गिरणीपुढं दोन फुटांचा ओटा होता. दळण होईपर्यंत बाया तिथं टेकायच्या, नळाला दहा दिवसांनी पाणी आलं इथून सुरुवात करून कुणाची सून माहेरी का बसली इथवर यायच्या. कॉलनीचा कारभार चालायचा तो तिथूनच. महापालिकेवरचा हंडा मोर्चा तिथं ठरला, गटारीचा अर्ज तिथंच लिहिला गेला.

रामप्रसाद म्हणजे पांढरे बूट घालणारा, बांधकामाचे ठेके घेणारा गुत्तेदार. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती, लेआउट मंजूर करताना पाण्याच्या टाकीसाठी सोडलेली. तिला लागूनच त्यानं प्लॉट घेतला आणि मंगल कार्यालय काढलं. रहिवाशांच्या सभेत बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "शेठ, पाया तुमच्या प्लॉटात हाय का आमच्या टाकीत?"

बाया खो खो हसल्या. रामप्रसाद हसला नाही. आठव्या दिवशी अतिक्रमणाची गाडी आली आणि अख्ख्या कॉलनीतलं एकच अतिक्रमण तोडून गेली. ओटा. रस्त्यावर दोन फूट.

बाई त्याच्या दारात गेल्या. "भाऊ, वीस वर्षांचा ओटा व्हता. म्हाताऱ्या बाया टेकत व्हत्या. तुमच्या शब्दानं पुन्हा बांधू देतील."

रामप्रसाद झोक्यावर बसलेला. "मी काय करू, मावशी? कायदा सगळ्याला बराबर."

तेवढ्यात आतून चहा आला. एकच कप, आणि तोही त्याच्यासाठी. फुर्र फुर्र करत तो संपेपर्यंत बाई उभ्या होत्या. ओट्याचा राग कदाचित विरलाही असता. त्या कपाचा विरला नाही.

बाईंनी लेआउटच्या नकाशाची नक्कल काढून आणली आणि मोजणीच्या अर्जाखाली सह्या घ्यायला लागल्या. पुरुष मंडळी रामप्रसादला टरकून होती. बाईंनी गिरणीच्या दारावर नियमच केला: "आधी सही, मंग दळण." दुसरी गिरणी दोन किलोमीटरवर. निवृत्त मास्तर अण्णासाहेबांनी ही सक्ती तत्त्वात बसत नसल्याचं सांगितलं आणि चार दिवस घरात नुसता भात खाल्ला. पाचव्या दिवशी डबा घेऊन आले, सही केली, तत्त्व घरी ठेवून आले होते. पंधरा दिवसांत एकशे बारा सह्या जमल्या.

आणि मग बाईंनी तो अर्ज दिलाच नाही.

"आवो बाई," मास्तर कळवळले, "पाया निघून राह्यला. आत्ताच थांबवा की त्याला."

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. पाया फोडण्यात काय मजा? भिंती चढू द्या. स्लॅब पडू द्या. झुंबर लागू द्या."

"आन तोवर टाकी दुसऱ्या वॉर्डात गेली तर? महापालिकेच्या साहेबांनी सांगितलंय, मार्चपर्यंत जागा मोकळी दिसली न्हाई तर टाकी पलीकडं. मंग तुमच्या झुंबराखाली हंडे लावायचे का आम्ही?"

एकीकडं कॉलनीचं पाणी आणि दुसरीकडं ते झुंबर, बाई महिनाभर दोन्ही तोलत राहिल्या. शेवटी स्लॅब पडला त्याच दिवशी अर्ज दिला. झुंबर तेवढं राहून गेलं.

इकडं बाहुलीची बातमी रामप्रसादच्या कानावर गेली होती. त्यानं फाटकाला लिंबू-मिरची बांधली, मग बायकोच्या सांगण्यावरून कुठून तरी भस्म आणलं. त्या कोपऱ्यात जेसीबी न्यायला ड्रायव्हर तयार होईना, तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं कडुलिंबाभोवती तारेचं कुंपण घातलं. कुणी बाईंना विचारलंच, "काकू, खरंच काय पुरलं हो?" तर त्या नुसत्या हसायच्या आणि गिरणीत गहू ओतायच्या.

मोजणीला हरिओम नावाचे भूमापक आले. यंत्र लावलं, नकाशा उलगडला आणि मोकळ्या जागेच्या हद्दीचे दगड शोधायला लागले. चार कोपऱ्यांना चार असायला पाहिजेत.

"कसले दगड, साहेब?" रामप्रसाद पान चघळत म्हणाला. "इथं कधी दगड नव्हतेच."

तीन कोपऱ्यांना खरंच नव्हते. त्याच्याच जेसीबीनं उपटून टाकले होते. हरिओम कपाळाला हात लावून म्हणाले, "मावशी, एकपण खूण न्हाई, तर मोजायचं कुठून?"

बाई तार वर करून वाकल्या, कुंपणात शिरल्या आणि कडुलिंबाखाली पाय आपटला. "इथून. खणा."

वीतभर मातीखाली दगड लागला. वर छिन्नीनं कोरलेला आकडा, नकाशातला.

रामप्रसादचं पान घशात अडकलं. "हिनंच पुरला! साऱ्या कॉलनीला ठाऊक हाय, हिनं अमावस्येला इथं पुरलंय! विचारा त्या कौसल्याला!"

कौसल्या आयुष्यात पहिल्यांदा मागच्या रांगेत सरकली. हरिओमनी खाली बसून माती बाजूला केली. कडुलिंबाची मांडीएवढी मुळी दगडाला विळखा घालून बसलेली.

"शेठ, दगड बाईंनी पुरला म्हणू," ते म्हणाले, "पण ही मुळी त्याला कधी गुंडाळली?"

मोजणी झाली. कार्यालय मोकळ्या जागेत एकोणीस फूट घुसलेलं.

"साहेब, जरा मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "मागच्या बायांना ऐकू येईना."

"एकोणीस!"

"आन माझा ओटा किती व्हता, बायांनो?"

"दोन!"

नोटीस निघाली तसा रामप्रसाद साडी आणि पेढे घेऊन गिरणीवर आला. टेकायला ओटा नव्हता, म्हणून उन्हात उभा राहिला. बाईंनी चहा टाकला. कप एकच भरला आणि त्याच्याकडं बघत फुर्र फुर्र करून सावकाश संपवला.

"मी काय करू, भाऊ?" कप उपडा घालत त्या म्हणाल्या. "कायदा सगळ्याला बराबर. पेढे घेऊन जा, लेकरं खातील."

पाडकामाच्या दिवशी बाईंनी गिरणी बंद ठेवली. सासू वारली तेव्हाही ती अर्धा दिवस चालू होती. बायांनी घराघरांतून खुर्च्या आणल्या. स्लॅबसकट एकोणीस फूट खाली आले, धुरळा उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथनं बायकोच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "झालं ना आता समाधान?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "लई जल्दी पडलं. हळूहळू पाडायला पाह्यजे व्हतं."

टाकीचे खांब आता त्याच जागेवर उभे राहिले आहेत.

राहता राहिली अमावस्या. अमावस्येला गवंडी आणि मजूर काम बंद ठेवतात, साइटवर कुणी नसतं. म्हणून बाई त्या दिवशी हद्दीचा दगड शोधायला गेल्या. तो सापडला, त्यांनी त्यावर माती परत लोटली आणि घरी आल्या. पुरलं काहीच नव्हतं.